‘काहीही चालेल’ असं लिहिलं, आणि घर बदलावं लागलं : खानापूर तालुका ते आयोवा, एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नमुन्यादाखल रचलं आहे. यातली मुलगी, तिचं गाव आणि दोन्ही घरं कुणा एकाची नाहीत. नियम, शुल्क, लसींची अंतरं मात्र अमेरिकेच्या शालेय देवाणघेवाण कार्यक्रमाची, जशी आहेत तशी दिली आहेत.

मुलगी सोळा वर्षांची, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातली. घर माळकरी. सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, पुढे बेळगावात इंग्रजी माध्यमात एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी. घरी मराठी, बाजारात कन्नड, वर्गात इंग्रजी. एसएसएलसीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, प्रवेश न घेता एक वर्ष अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलमध्ये शिकायचं आणि तिथल्या कुटुंबात राहायचं असं ठरलं. व्हिसा जे-१, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचा. कार्यक्रम सुरू होताना वय १५ ते साडेअठरा असावं आणि बालवाडी सोडून अकरापेक्षा जास्त इयत्ता पूर्ण झालेल्या नसाव्यात, या दोन्ही अटी कार्यक्रम चालवणाऱ्या अमेरिकी संस्था बघतात. म्हणजे पीयूसीचं पहिलं वर्ष संपवून गेलं तरी चालतं. दुसरं वर्ष संपलं की दार बंद.

पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: त्या लोकांना महिन्याला किती द्यायचे? काहीच नाही. या कार्यक्रमात यजमान कुटुंबाला मोबदला घेता येत नाही. तिथल्या आयकरात महिन्याला ५० डॉलरपर्यंत वजावट मिळते, तेवढीच. दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते, नात्याबाहेरच्या दोन व्यक्तींची शिफारस घेतली जाते, संस्थेचा माणूस घरी जाऊन मुलाखत घेतो आणि घराचे बाहेरून-आतून फोटो काढतो: स्वयंपाकघर, न्हाणीघर, बैठकीची खोली, मुलीची खोली. झोपायला स्वतंत्र पलंग हवा. घडीचा सोफा किंवा हवेची गादी चालत नाही. हे फोटो मागून बघावेत. या प्रकरणात पालकांनी फक्त घराचा दर्शनी फोटो बघितला, अंगण मोठं आहे म्हणून खूश झाले.

अर्जातली ओळ

अर्जात यजमानांना उद्देशून एक पत्र लिहायचं असतं आणि आहाराचा रकाना भरायचा असतो. पत्र छान होतं. रकान्यात लिहिलं होतं: ‘शाकाहारी, पण काहीही चालेल.’ इकडच्या मध्यस्थानं तसा सल्ला दिला होता. कडक शाकाहारी मुलांना घर मिळायला वेळ लागतो, ही गोष्ट खरी आहे. घरं बहुतेक छोट्या गावांत मिळतात आणि आयोवा तर डुकराच्या मांसाच्या उत्पादनात अमेरिकेत पहिलं राज्य. पण घर उशिरा मिळणं आणि चुकीचं घर वेळेवर मिळणं यात पहिलं परवडतं.

त्या रकान्यात नेमकं काय हवं होतं? अंडं चालतं का. केकमधलं अंडं चालतं का. जिलेटिन, म्हणजे मार्शमेलो आणि जेलीतलं, चालतं का. मांस शिजवलेलं भांडं धुऊन वापरलं तर चालतं का. मांसाचे तुकडे बाजूला काढून उरलेलं खाशील का (या मुलीचं उत्तर ‘नाही’ होतं, यजमानांचा समज ‘हो’ असा झाला). स्वतः रांधता येतं का, आठवड्यातून किती वेळा रांधशील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणालाच सुचलं नाही: महिन्यातून दोन एकादश्या, शिवाय नवरात्रात नऊ दिवस.

कागद आणि लसी

कागदांत एकच गोष्ट अडली. पासपोर्ट काढताना आडनावाचा रकाना रिकामा ठेवून मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव हे सगळं एकाच ओळीत घातलं होतं. सीमाभागात हे वारंवार होतं, कारण दाखल्यावर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, मार्क्सकार्डावर पूर्ण नाव, आधारवर तिसराच क्रम. अमेरिकी व्हिसावर अशा वेळी सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापलं जातं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. मग शाळेच्या हजेरीत, जेवणाच्या खात्यात, विम्याच्या कार्डावर मुलगी एफएनयू. दुरुस्ती पासपोर्टातच करावी लागते, आणि ती अर्जाआधी. मुलाखतीसाठी मुंबई गाठली: आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. व्हिसा शुल्क १८५ डॉलर, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतल्या नोंदणीचे २२० डॉलर वेगळे.

लसींकडे मात्र नीट बघायला हवं, कारण शेवटच्या महिन्यात सगळे इथेच अडकतात. २००८-०९च्या सुमाराला जन्मलेल्या मुलांना सरकारी दवाखान्यात गोवराची लस मिळाली. फेब्रुवारी २०१७च्या मोहिमेत कर्नाटकात ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाचा एक डोस शाळेत दिला गेला. म्हणजे रुबेला एकदा, गालगुंड एकदाही नाही, कांजिण्या एकदाही नाहीत. संस्थेच्या आरोग्य अर्जात एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस आणि कांजिण्यांचे दोन डोस मागतात. दोन्हींच्या पहिल्या आणि दुसऱ्या डोसात २८ दिवसांचं अंतर लागतं. या दोन्ही जिवंत लसी आहेत. त्या एकाच दिवशी दोन हातांवर द्याव्यात, नाहीतर त्यांच्यातही २८ दिवस सोडावे लागतात.

त्यात क्षयाची तपासणी येते. आपल्याकडे बीसीजी ही क्षयाची लस सगळ्यांनाच दिलेली, त्यामुळे हाताच्या कातडीत टोचून करायच्या मँटू चाचणीत हात सुजू शकतो आणि तिकडचा डॉक्टर दचकतो. शिवाय एमएमआरनंतर लगेच मँटू केली तर ती खोटी नकारात्मक येऊ शकते. म्हणून मँटू लसीच्या दिवशीच करायची, ४८ ते ७२ तासांत वाचून घ्यायची; नाहीतर चार ते सहा आठवडे थांबायचं. त्याहून बरं, बीसीजीचा परिणाम न होणारी इग्रा ही रक्तचाचणी करायची. एकूण हिशेब: बिनचूक झालं तरी पाच आठवडे. या प्रकरणात मे महिन्यात सुरुवात झाली म्हणून जमलं. दातांचं काम मात्र राहिलं. संस्थेच्या विम्यात आजार-अपघाताला किमान एक लाख डॉलरचं संरक्षण लागतं, पण दात आणि चष्मा सहसा त्यात नसतात. दाढ भरायची असेल तर ती बेळगावातच भरून घ्यावी.

सामानाचं दोन वाक्यांत. तांदूळ नेऊ नयेत. खापरा किडीमुळे भारतातून प्रवासी सामानात तांदूळ नेण्याला बंदी आहे, घरचा बासमती असला तरी. कुंदा ही बेळगावची मिठाई दुधाची, ती विमानतळावर अडू शकते. भेट द्यायची तर गोकाकची लाकडी फळं किंवा शहापुरी साडीचं कापड द्यावं, आणि जे काही खाण्याचं असेल ते तिकडच्या विमानतळावर जाहीर करावं.

पहिलं घर

आयोवातल्या शाळा २३ ऑगस्टच्या आधी सुरू होत नाहीत. मुलगी आठवडाभर आधी पोहोचली. घरात आई-वडील आणि तीन मुलं. पहिले पंधरा दिवस गोड गेले, ते नेहमीच जातात.

पहिली कुरबुर न्हाणीघरातून आली. तिथल्या न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते. पाणी फक्त टबात जातं. टबाबाहेर सांडलेलं फरशीखाली झिरपतं आणि खालच्या खोलीच्या छतावर पिवळा डाग उमटतो. छत जिप्समच्या पातळ पत्र्यांचं असतं, भिजलं की फुगतं. मुलगी टबात उभी राहून तांब्यानं आंघोळ करायची आणि पडदा टबाच्या बाहेर सोडायची. तो आत सोडायचा असतो. दुसरी गोष्ट गरम पाण्याची. अशा घरांत ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटरची टाकी असते. शॉवरमधून मिनिटाला नऊ लिटरच्या आसपास पाणी जातं. पंधरा-वीस मिनिटांत टाकीतलं गरम पाणी संपतं, ती पुन्हा तापायला बराच वेळ लागतो, आणि घरात अजून पाच माणसं आंघोळीची असतात. मुलगी केस धुऊन, कपडे हातानं पिळून चाळीस मिनिटांनी बाहेर यायची. शाळेची बस पावणेआठला.

यजमानीणबाई एकदा म्हणाल्या, ‘वी ट्राय टु कीप शॉवर्स शॉर्ट.’ मुलीला वाटलं ही माहिती आहे. ती सूचना होती, आणि तिथल्या बोलण्याच्या रीतीत बऱ्यापैकी कडक होती. आपल्याकडे एखादी मावशी ‘अगं किती वेळ!’ म्हणून दार वाजवते, विषय तिथंच मिटतो. इथं दार कुणी वाजवलं नाही. डाग मात्र वाढत गेला.

जेवण संध्याकाळी साडेपाचला. एका मोठ्या काचेच्या भांड्यात बटाटा, चीज, खिमा एकत्र भाजलेला. ‘काहीही चालेल’ हे वाचलेल्या बाईंनी तिच्यासाठी कडेचा, कमी मांसाचा भाग वाढला. मुलीनं ‘भूक नाही’ म्हटलं आणि रात्री खोलीत कोरडं सीरियल आणि घरून नेलेला चिवडा खाल्ला. खोलीत खाणं हे तिथल्या बऱ्याच घरांत चालत नाही. मुंग्या, उंदीर, वास. गादीखाली चिवड्याची पिशवी सापडली.

मग एकादशी आली. दिवसभर फक्त केळं आणि दूध. पंधरा दिवसांनी पुन्हा. मग नवरात्र. शाळेच्या कँटीनमध्ये ताट रिकामं, घरी ‘भूक नाही’, खोलीत लपवलेलं खाणं, आणि आल्यापासून वजन कमी झालेलं. या चार गोष्टी एकत्र दिसल्या की अमेरिकेतल्या शाळेचा समुपदेशक एकच अर्थ लावतो: खाण्याचा मानसिक आजार. त्यात त्याची चूक नाही, सोळा वर्षांच्या मुलीत हीच लक्षणं तो शोधत असतो. त्यानं यजमानांना कळवलं, यजमानांनी स्थानिक समन्वयकाला, म्हणजे संस्थेच्या त्या भागातल्या माणसाला, समन्वयकानं संस्थेला. संस्थेनं डॉक्टरांची तपासणी मागितली. गावाकडे बातमी पोहोचली ती अशी: ‘पोरीला वेड्याच्या डॉक्टरकडे नेतायत.’

फोननं यात तेल ओतलं. ऑगस्टात आयोवा भारताच्या साडेदहा तास मागे असतं. सकाळी साडेसहाला आई धार काढून आली की तिकडे रात्रीचे आठ. रोज व्हिडिओ कॉल, पहिला प्रश्न ‘जेवलीस काय गं? काय जेवलीस?’ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि फरक साडेअकरा तासांचा होतो. गावच्या साडेसहाला आता तिकडे सात, म्हणजे जेवणानंतर सगळे मिळून बसायची वेळ. आईनं वेळ बदलली नाही, मुलीनं सांगितली नाही. रोज सातला मुलगी उठून खोलीत जायची, दार लावायची आणि न समजणाऱ्या भाषेत तासभर बोलायची, कधीकधी रडत. बाहेर बसलेल्यांना काय वाटलं असेल, हा विचार इकडे कुणाच्या मनात आला नाही.

तक्रार कुठे अडली

नियमानुसार समन्वयकानं दर महिन्याला विद्यार्थ्याशी आणि यजमानांशीही संपर्क ठेवायचा असतो. सप्टेंबरचा फोन झाला. यजमानीणबाई शेजारीच होत्या. ‘एव्हरीथिंग ओके?’ ‘येस मॅम.’ ऑक्टोबरात तेच. कागदोपत्री नियम पाळला गेला, हाती काही लागलं नाही. मुलीनं त्याच दिवशी एकटीनं मेसेज करून ‘शाळेत भेटू शकाल का’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. इथं आपल्या वळणाचा दोष आहे. ज्यांनी फुकट घरात घेतलं त्यांच्याविरुद्ध बोलणं म्हणजे कृतघ्नपणा, असं मुलीला वाटत होतं. घर जुळत नाही हे सांगणं ही तक्रार नव्हे. रोटरीच्या देवाणघेवाणीत तर वर्षात दोन-तीन घरं बदलण्याची पद्धतच असते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

याच टप्प्यावर सगळ्यात धोक्याची सूचना आली, तीही प्रेमापोटी. न्यू जर्सीतल्या दूरच्या नातेवाइकानं सांगितलं, तिकीट काढतो, विमानात बसवून द्या, वर्ष इथंच काढेल. वडील तयार झाले होते. संस्थेच्या परवानगीशिवाय मुलगी घर सोडून गेली की ती कार्यक्रमाबाहेर. नोंदणी रद्द होते आणि त्याबरोबर व्हिसाचा आधारही जातो. परत पाठवलं जातं, आणि पुढे कधी शिक्षणासाठी अमेरिकेचा व्हिसा मागितला तर हा कागद समोर येतो.

घर बदलताना

समन्वयकानं शाळेत, यजमानांशिवाय मुलीची भेट घेतली, तेव्हा पहिल्यांदा एकादशी हा शब्द निघाला. वारकरी घरातला उपवास काय असतो, किती दिवसांनी येतो, त्यात काय खातात, हे आईवडिलांच्या सहीच्या पत्रात इंग्रजीत लिहून मागवलं. सोबत बेळगावच्या डॉक्टरांचं आधीच्या वजनाचं टिपण. तपासणी झाली, तिथल्या डॉक्टरांनी आजार नसल्याचं लिहून दिलं. उपवासाच्या दिवशी दूध, सुकामेवा, बटाटा घ्यावा आणि त्या दिवशी व्यायामाच्या तासाला जोर करू नये, एवढंच.

मग सगळ्यांची बैठक आणि दोन आठवड्यांचा लेखी करार: आंघोळ दहा मिनिटं, खोलीत खाणं नाही, फोन रविवारी, आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलगी रांधेल. हा करार ऑगस्टात झाला असता तर टिकला असता. नोव्हेंबरात दोन्हीकडे मनं विटली होती. बाईंनी स्वतःच सांगितलं, आम्हाला हे झेपत नाही. कुणी कुणावर ओरडलं नाही.

नवं घर शोधताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, शाळा बदलू नये. शाळेची लेखी संमती आधी घेतलेली असते. दुसऱ्या भागात घर मिळालं तर नव्या शाळेची संमती, नवे विषय, सत्राच्या मध्येच तुटलेले गुण. म्हणून त्याच शाळेच्या हद्दीत घर शोधलं. दोन, नव्या घरालाही तीच तपासणी, तोच वेळ. तोवर मुलगी संस्थेनं आधीच तपासलेल्या एका घरी तात्पुरती राहिली. आधीच्या घरातून निघताना तिनं आभाराचं पत्र लिहून ठेवावं असा सल्ला समन्वयकानं दिला, तो फार योग्य होता. गाव लहान, चर्च एक, दुकान एक. ती माणसं रोज भेटणार होती.

दुसरं घर

निवृत्त जोडपं, मुलं मोठी होऊन बाहेर. पहिल्याच रात्री मुलगी वही घेऊन बसली. आंघोळ कधी आणि किती मिनिटं. कपडे कोणत्या दिवशी, यंत्र मी लावू का तुम्ही. फ्रिजमधलं विचारून घ्यायचं की हवं ते घ्यायचं. खोलीचं दार उघडं ठेवायचं की लावलेलं. सॅनिटरी पॅड कुठे टाकायचे (शेतावरच्या घरांत सेप्टिक टाकी असते, संडासात काहीही गेलं की तुंबते). तुम्हाला काय हाक मारू. नाराज झालात तर मला कसं कळेल? या शेवटच्या प्रश्नावर आजोबा हसले म्हणे, पण त्यानंतर ते सरळ सांगायला लागले.

स्वयंपाकघराची तयारी इथं खरी झाली. तिथल्या बऱ्याच चुलींवरचा पंखा हवा बाहेर फेकत नाही, जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. त्यात मोहरी-मिरचीची फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो. उपाय: खिडकी आधी उघडायची, तेल कमी तापवायचं, मिरची शेवटी, कढईवर झाकण. अलार्मची बॅटरी काढायची नाही, विम्याचा प्रश्न येतो. काचेच्या सपाट चुलीवर खोलगट तवा टेकत नाही, मध्येच तापतो; सपाट लोखंडी तवा घ्यावा, तिथं स्वस्त मिळतो. ज्वारीचं पीठ ‘सोरघम फ्लोअर’ या नावानं ग्लुटेन-फ्रीच्या फळीवर मिळतं. ते जुनं असतं, थापताना भाकरी चिरते. म्हणून उकळत्या पाण्यात उकड काढून मळावं. राजमा आणि काळा घेवडा डब्यात शिजवलेलाच मिळतो. मंगळवारी आणि शनिवारी मुलगी रांधायची, भांडीही घासायची. आजीबाईंना पिठलं आवडलं, कुकरच्या शिट्टीची मात्र शेवटपर्यंत धास्ती वाटली.

एकादश्यांच्या तारखा फ्रिजवर लावल्या. फोन रविवारी सकाळी, तिथल्या नऊला, म्हणजे गावात रात्री साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे गेल्यावर साडेसात. आजोबांना कॅमेऱ्यासमोर बसवून गोठा दाखवला जायचा.

परत आल्यावर

शाळा मेअखेर-जूनच्या सुरुवातीला संपते आणि कार्यक्रम संपल्यावर तीस दिवसांत देश सोडायचा असतो. पण इकडे पीयूसीचे प्रवेश एसएसएलसीच्या निकालानंतर लगेच सुरू होतात. उशिरा आलं तर दंड भरून प्रवेश मिळतो, हवी ती शाखा आणि हवं ते कॉलेज मिळेलच असं नाही. म्हणून जाण्यापूर्वीच हायस्कूलमधून टीसी काढून, मूळ मार्क्सकार्डासह घरी ठेवावा, आणि वडिलांनी मुलीच्या वतीनं अर्ज भरावा. आयोवातलं वर्ष पीयूसीचं पहिलं वर्ष म्हणून धरलं जात नाही. तिथल्या शाळेकडून गुणपत्रक सीलबंद पाकिटात आणावं, पुढे परदेशी अर्जाला लागतं. इथं मात्र पहिल्या वर्षापासूनच सुरुवात.

सीईटी, म्हणजे बारावीनंतर अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, तिच्या पात्रतेला या वर्षानं धक्का लागत नाही. कर्नाटकात पहिली ते बारावीपैकी सात पूर्ण वर्षं शिकलेलं असावं आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण असावी, अशी अट आहे. या मुलीची दहा वर्षं झालेली होती. पण सीमेवरच्या गावांत काही मुलं प्राथमिक शाळेला महाराष्ट्रात, चंदगडला किंवा गडहिंग्लजला असतात आणि आठवीला बेळगावात येतात. त्यांनी परदेशाचा अर्ज भरण्याआधी ही सात वर्षं बोटांवर मोजून घ्यावीत, आणि प्रत्येक शाळेचा अभ्यास दाखला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीनिशी आत्ताच काढून ठेवावा.